अग्नीचा वाटा

कीर्तनकाराला लोक मोक्षाबद्दल विचारत नाहीत. निदान आमच्या जुन्नर-आंबेगावात तरी नाही. आरती झाली, बुक्का लावून झाला, की कोपऱ्यात गाठून जे विचारतात ते सोयर-सुतकाचं, नाहीतर एकादशीला अमुक चालतं का, असलं. मध्यंतरी मंचरकडच्या एका सप्ताहात एक म्हातारी बाई आल्या. सुनेनं हौसेनं गोबरगॅस बसवलाय आणि त्याला संडासही जोडलाय. "महाराज, त्या गॅसवर केलेला निवद देवाला चालंल का? सून म्हणती चालतंय. माझं मन घेत न्हाई."

मी म्हणालो, "मावशी, सून बरोबर बोलते. खुशाल दाखवा."

उत्तर बरोबरच होतं. आपल्या परंपरेत अग्नीला विटाळ होत नाही, जे त्याच्यात पडतं तेच शुद्ध होतं. प्रेत जाळणारा अग्नी बाजूला ठेवायची पद्धत आहे, हे मला माहीत आहे, पण चुलीपर्यंत येतो तो वायू असतो, मैला टाकीतच राहतो. आणि खरं सांगायचं तर या शंकेत थोडा विनोदही आहे. शेणानं आपण देवघर सारवतो, गोवऱ्यांवर होम करतो. चार पायांच्या जनावराचं चालतं आणि माणसाचं चालत नाही. किळस आपल्याला आपलीच आहे, ती देवाच्या नावावर कशाला खपवायची?

देहूचं उदाहरण मी कीर्तनात नेहमी देतो. डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले आणि तिथलेच झाले. तुकोबांच्या गावाला ज्या रस्त्यांनी वारकरी जातात ते रस्ते हागणदारीचे होते. त्यांनी आयुष्यभर संडास बांधले, पुढे संडासाच्या मैल्यावर चालणारा 'मलप्रभा' नावाचा गॅस प्लांट उभा केला. २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्याच्या गॅसवर दिवे लागले होते. ज्यांना गावानं बाहेर काढलं त्यांच्या घरात तो उजेड आधी पडला, हे मला फार बोलकं वाटतं.

दुसरी शंका हटकून येते ती म्हशीच्या शेणाची. गाईचं ठीक, म्हशीचं कसं? अशा माणसाला मी वाद न घालता आळ्याला पाठवतो. ज्या रेड्याच्या तोंडून ज्ञानेश्वर माउलींनी वेद वदवले, त्याची समाधी आमच्या जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे. तिथं डोकं टेकवून यायचं आणि मग म्हशीबद्दल बोलायचं.

पण शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न हा सोपा प्रश्न आहे. त्या बाईंनी विचारला नाही, आणि विचारायला हवा होता, तो वेगळाच: चुलीत जे जळतंय ते कुणाच्या वाट्याचं?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी एक चक्र सांगितलंय. प्राणी अन्नावर, अन्न पावसावर, पाऊस यज्ञावर आणि यज्ञ कर्मावर. ज्यांच्याकडून मिळालं त्यांना काही न देता जो एकटाच खातो त्याला तिथं सरळ चोर म्हटलंय. माउलींनी या अध्यायात स्वधर्मालाच नित्ययज्ञ म्हटलं, म्हणजे समिधा-तुपाचा यज्ञ त्यांनी रोजच्या कामात आणून ठेवला. तेव्हा बायोमास म्हणून सरकार ज्याला चांगलं इंधन म्हणतं, त्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. चंद्रपूरकडचा दगडी कोळसा २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. हवेतला कर्ब त्या झाडांनी जमिनीखाली नेऊन ठेवला, तो आपण उकरून पुन्हा हवेत सोडतो. उसाचा, शेणाचा, काटक्यांचा कर्ब गेल्या पावसाळ्यातला. जळला तर हवेत जातो, पुढचं पीक तो परत घेतं. हिशेब जुळतो. मात्र एवढ्यानं चोरीचा आळ टळत नाही. पिकानं हवेतून कर्ब घेतला तसा जमिनीतूनही नत्र, स्फुरद, पालाश घेतला. ते कोण परत करणार?

गोवरी घ्या. थापली, वाळवली, जाळली. नत्र धुरात गेला, खाली राहिली चिमूटभर राख. साध्या चुलीत त्या उष्णतेचा दहावा हिस्सा जेमतेम भांड्याला लागतो, उरलेली भिंतीला आणि धूर बाईच्या डोळ्यांना. देवाला दिलं नाही, जमिनीला दिलं नाही आणि स्वतःलाही धड मिळालं नाही.

आमच्या घरी दोन घनमीटरचा प्लांट आहे. त्याला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं हवीत. तितकंच पाणी घालून हातानं कालवायचं, काडी-कचरा वेचून काढायचा, मग टाकीचं बूच उघडायचं. हे काम घरात माझ्याकडे आहे. कीर्तनात अहंकार सोडा म्हणून सांगणाऱ्या माणसाला सकाळी कोपरापर्यंत शेणात हात घालावा लागतो, हे बरंच आहे. जुन्नरची थंडी कडक, पौष-माघात टाकीतले जंतू सुस्तावतात आणि गॅस कमी येतो. तेव्हा कोमट पाणी घालावं लागतं. पाइपात पाणी साचलं की ज्योत फडफडते, ते सोडून दिलं की पुन्हा निळी, सरळ. दोन वेळचा स्वयंपाक होतो. आणि पलीकडच्या तोंडातून स्लरी बाहेर येते, तिच्यात शेणातला नत्र शाबूत असतो, वास जवळजवळ नाही, माश्या बसत नाहीत. ती कांद्याला जाते. अग्नीनं स्वतःपुरतं घेतलं आणि मातीचं मातीला ठेवलं. यज्ञाची याहून चांगली व्याख्या मला शिकवता आलेली नाही.

याला मर्यादा आहेतच. आणे गावी रंगदास स्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. ज्यानं त्या कढया उकळताना पाहिल्यात तो घरच्या गोबरगॅसच्या गप्पा तिथं मारणार नाही. तिथं लाकूडच लागतं. ज्याच्याकडे जनावर नाही त्यालाही हा प्लांट उपयोगाचा नाही, आणि गोठा नसलेली घरं आता गावात पुष्कळ आहेत.

आता जिथं अग्नीला वाटाच नाही अशी एक जागा सांगतो. आंबेगावच्या पश्चिमेला, घोड नदी उगवते तिकडे, आहुपे. कड्यावरचं महादेव कोळ्यांचं गाव, आणि त्याची देवराई. आमच्या डोंगरातल्या कित्येक रायांत पडलेलं वाळकं लाकूडही घरी नेत नाहीत. ते देवाचं. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी अशा राया हिंडून त्यांच्यावर लिहिलं, तोवर शहरातल्या शहाण्यांना त्यांची किंमत फारशी ठाऊक नव्हती. अमुक टन लाकूड नुसतं कुजतंय, असं एखादा हिशेबी माणूस म्हणेल. पण तिथं कुजणं हेच काम आहे. त्या ओंडक्यावर बुरशी जगते, किडे जगतात, खालची माती पाणी धरते, आणि तेच पाणी खाली झऱ्याला लागतं. देवाच्या नावानं लोकांनी एवढंच ठरवलं की काही गोष्टी वापरायच्या नाहीत. वापरली नाही म्हणजे वाया गेली, ही समजूत मला आपल्या काळातली सर्वांत मोठी अश्रद्धा वाटते.

त्याच गावांत उन्हाळ्यात राब भाजतात, हेही सांगायला हवं. पाला, टहाळ, गवत, शेण रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरून जाळायचं आणि पावसाच्या तोंडावर तिथं भाताचं बी फेकायचं. तणाचं बी मरतं, राख रोपांना मिळते. जाळलं ते तिथंच राहिलं. तरी राबासाठी झाडं ओरबाडली जातात, धूर होतो, हे खरं. माझा कौल राबाच्या बाजूनं आहे, पण फार ठासून नाही.

पूर्वेकडे उतरलं की गोष्ट बदलते. पारगावचा भीमाशंकर आणि शिरोलीचा विघ्नहर, दोन्ही सहकारी साखर कारखाने, नावं दोन्ही देवांचीच. दोन्हीकडे उसाच्या चिपाडावर बॉयलर चालतो आणि वीज तयार होते. शंभर किलो उसातून २८ ते ३० किलो चिपाड निघतं, त्यात निम्मं पाणी. कारखान्याला लागणारी वाफ आणि वीज त्यातून भागते, उरलेली वीज विकली जाते. चिपाड एरवी पडून राहिलं असतं, तेव्हा अग्नीनं ते घ्यायला माझी हरकत नाही. बॉयलरची राख आणि प्रेसमड शेतात परत गेला तर कसोटीलाही उतरतं. मात्र या विजेला हिरवी म्हणताना एक बारीक चिमटा काढतो: ऊस वाढला तो माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे या धरणांच्या पाण्यावर. खाली पारनेर-श्रीगोंद्याला ज्याचं आवर्तन लांबतं, त्यालाही या यज्ञाचा हिशेब विचारावा.

आता पाचट, म्हणजे ऊस तुटल्यावर फडात उरणारा वाळका पाला. इथं मात्र मी कौल देताना अडखळत नाही. पण आधी एक कथा.

महाभारताच्या आदिपर्वात खांडवदहनाची कथा आहे. श्वेतकी राजानं बारा वर्षं यज्ञ केला, तूप पिऊन पिऊन अग्नीला अजीर्ण झालं. ब्रह्मदेवानं उपाय सांगितला की खांडववन खा. म्हणजे देवाच्या नावानं अति केलं तर देवालाही पचत नाही, हे व्यासांनी लिहून ठेवलंय. कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंनी उभे राहिले, पळणारा जीव परत आगीत ढकलला गेला. वाचले ते थोडेच, त्यात शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या जाळपोळीकडे भक्तीचा पडदा बाजूला करून पाहिलं. कीर्तनकारांना ते पचायला जड जातं, पण मला त्यांचं पटतं. आणि एक गोष्ट माझी मी जोडतो: ज्या अर्जुनानं खांडव जाळलं, त्यालाच पुढे कुरुक्षेत्रावर गीतेतलं देण्या-घेण्याचं ते चक्र ऐकवलं गेलं. ऐकण्याची गरज त्यालाच होती.

आमचं खांडव म्हणजे उसाचा फड. बिबट्याला आता ऊस हेच रान. मादी तिथंच विते. ऊसतोडीला मजुरांना बछडी सापडतात, तेव्हा वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारण केंद्राची माणसं येतात, बछडी तपासतात आणि रात्री त्याच फडात क्रेटमध्ये ठेवतात. मादी येते, मानेला धरून एकेक उचलून नेते. पण प्रत्येक वेळी तेवढी सवड मिळत नाही. एप्रिल २०१९ मध्ये आंबेगाव तालुक्यात अवसरीच्या बाजूला उसाच्या फडात लागलेल्या आगीत बिबट्याची पाच बछडी जळून गेली. डोळे नुकते उघडलेले जीव. शार्ङ्गकाच्या पिल्लांनी अग्नीची स्तुती केली म्हणून त्यानं त्यांना सोडलं. बछड्यांना स्तुती येत नव्हती.

एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघतं. जाळलं की त्यातला ४० ते ५० किलो नत्र हवेत जातो आणि तोच शेतकरी दुसऱ्या दिवशी युरियाच्या गोणीसाठी दुकानात उभा असतो. अन्न शिजलं नाही, वीज झाली नाही, कुणाला ऊब मिळाली नाही. ज्या आगीतून कुणालाच काही मिळालं नाही तिला यज्ञ म्हणता येत नाही आणि चूलही म्हणता येत नाही. पाचटाचं इंधन करायचंच तर मार्ग आहे. इरावतीबाईंचेच चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनं पाचट बंद डब्यात तापवून त्याचा कोळसा करायची भट्टी बनवली, त्याच्या कांड्या धुराशिवाय जळतात. २००२ मध्ये त्या कामाला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. आईनं वन जाळणाऱ्यांचा जाब विचारला आणि मुलानं फड न पेटवता पाचटाचं काय करता येईल ते शोधलं. पुराणात अशी वंशावळ असती तर आम्ही तिच्यावर सप्ताह लावले असते.

तरी माझ्या मते पाचटाचा पहिला हक्क जमिनीचा. खोडव्याला सरीत पसरलं की ओल टिकते, तण दबतं, वर्षभरात त्याची माती होते. जमिनीचं भागून उरलं तर भट्टीला द्यावं.

गाळप सुरू झालं की दोन्ही तालुक्यांत रात्री फड पेटलेले दिसतात. ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांना हात जोडून सांगतो: यंदा काडी ओढू नका. पाचटाची कुट्टी करा, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका, पाणी सोडा. तोडणी चालू असताना बछडं दिसलं तर हात न लावता टोळी मागं घ्या आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. त्यांची माणसं येईपर्यंत कोयता खाली ठेवा.