गावपणाचा सातबारा

पुण्याकडे जाणारी गाडी घाटासाठी मागून इंजिन लावून घ्यायला कर्जतला थांबते. तेवढ्यात वडे खिडकीशी येतात. गाडी हलली की दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं लागतात. या खिडकीतल्या दृश्याला हल्ली गुंठ्यावर भाव आहे. कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर फार्महाऊसच्या पाट्या वाचत जावं : डोंगर आहे, नदी आहे, धुकं आहे, ‘गावपण’ हा शब्दसुद्धा आहे. चिखल मात्र एकाही पाटीवर नाही.

चिखलाशिवाय इथे गाव कसं समजणार? उतारावरची खाचरं एकाखाली एक असतात. वरच्याचं पाणी बांधाला पाडलेल्या तोंडातून खालच्यात उतरतं, तिथून त्याच्या खालच्यात. चिखलणी कोणी कधी करायची, तोंड कधी उघडायचं, हे सगळं या पाण्यावर ठरतं. त्यावरून भांडणंही होतात, आणि ज्याच्याशी बांधावरून भांडण झालं त्याच्याच लावणीला आठ दिवसांनी जावं लागतं. मधल्या एखाद्या तुकड्यात भराव पडला आणि भोवती भिंत उभी राहिली, की वरच्या खाचरात पाणी तुंबतं आणि खालच्याला पोचत नाही. सातबाऱ्यावर विकला जातो एकच तुकडा. खालच्या शेतकऱ्याची सही त्या कागदावर कुठेच नसते, आणि दोन-तीन पावसाळे कोरडे काढले की तोही एजंटाला फोन करतो. गावपण जातं ते असं, उतारावरून खाली.

शहर आलं आणि गाव बिघडलं, असं मात्र मी म्हणणार नाही. कर्जतचा उन्हाळी भात मुळात मुंबईचं देणं आहे. टाटांनी मुंबईला वीज द्यायला खोपोलीचं केंद्र १९१५ साली आणि भिवपुरीचं १९२२ साली सुरू केलं. घाटमाथ्यावरून पूर्वेला निघालेलं पाणी अडवून पश्चिमेला खाली सोडलं. भिवपुरीचं वीज करून झालेलं पाणी राजनाला कालव्यातून शेतांत फिरलं आणि ऐन उन्हाळ्यात कर्जत तालुक्यात भात उभा राहिला. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत गेलं. त्या नदीकाठी कारखाने आले. ज्या हिरवाईला आज ‘अस्पर्शित निसर्ग’ म्हणून विकतात, ती विजेचं उरलेलं पाणी आहे. ते वाटून घेण्याची रीत मात्र इथल्या लोकांची.

कर्जतने जुनं कवटाळून धरलं, असंही नाही. भात संशोधन केंद्र इथे १९१९ पासून आहे. कर्जत-३, कर्जत-१८४ अशा नावांनी हा तालुका बियाण्याच्या पिशवीवरून कोकणभर गेला. नेरळजवळच्या सगुणाबागेत शेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावर टोकणीने भात घेण्याची ‘एसआरटी’ पद्धत रुजवली. तिच्यात दरवर्षीची नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. मजूर मिळत नाहीत तिथे हा मोठाच आधार, पण तणनाशकावर ती फार टेकते, हे मला खटकतं. लावणी गेली की लावणीची गाणीही जाणार. जाऊ देत. गाणी गेली तरी भात राहिला, तर खालचा शेतकरी टिकतो. उलट प्रकारही आहेच : जुलैत शहरातले पाहुणे पैसे भरून तासभर आवण लावतात, फोटो काढतात, पाय धुतात. त्यांची हौस मी समजू शकतो. पण ती रोपं नंतर पुन्हा नीट लावावी लागतात, आणि ते काम करणाऱ्या बाईचा फोटो कोणी काढत नाही.

दिवाळीत इथे कापणी चालू असते. भात निघाला की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, आणि थंडीत त्याच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भाजल्या की पोपटी होते. पोपटी खायला जरूर या. प्लॉट बघायचा असेल तर तोही बघा. पण त्यातलं पावसाचं पाणी कोणाच्या शेतात उतरतं, ते एजंटाला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर खालच्या बांधावरच्या माणसाला विचारा. आणि निघताना वर्षाचे तांदूळ त्याच्याकडूनच घेऊन जा.