निर्जीव वस्तूंविषयीं आपलें कर्तव्य

ज्याला सुखदुःख नाहीं त्याच्याविषयीं मनुष्यास कांहीं कर्तव्य असूं शकतें काय? बैलास उपाशी ठेवणारा शेतकरी निंद्य होय, हें कोणीही कबूल करील. कारण बैलास भूक आहे. परंतु नांगर पावसांत टाकून देणारास आपण फार तर आळशी म्हणूं, अधर्मी म्हणणार नाहीं. आपल्याकडे खंडेनवमीस हत्यारें धुऊन-पुसून त्यांस गंधफूल वाहण्याची चाल आहे. कोणी तिला भाबडेपणा म्हणतील, कोणी कृतज्ञता म्हणतील. आमचा प्रश्न या वादाच्या अलीकडचा आहे. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत त्या हत्याराची निगा न राखणें हा नुसता गबाळेपणा, कीं नीतीचा दोष?

प्रश्न अधांतरीं राहूं नये म्हणून एक साधें उदाहरण घेऊं. 3 जून 2020 रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळीं कुऱ्हाड अपुरी पडते आणि साखळी-करवतीची, म्हणजे लोकांच्या तोंडच्या चेनसॉची, आठवण होते. नवें यंत्र ज्यास परवडत नाहीं तो वापरलेलें विकत घेतो. समजा, असें एक जुनें यंत्र कोणा बागाइतदारानें घरीं आणलें. त्या यंत्राचें त्याच्याकडे मागणें काय?

पहिलें मागणें इंधनाचें. या टू-स्ट्रोक एंजिनांत वंगणाचा सांठा निराळा नसतो. पेट्रोलमध्येंच तेल मिसळावें लागतें. जुन्या स्कूटरी चालविलेल्या वाचकांस हें ठाऊकच असेल. निर्मात्यानें पन्नासास एक असें प्रमाण सांगितलें असेल तर लिटरमागें 20 मिलिलिटर, पंचविसास एक सांगितलें असेल तर 40 मिलिलिटर. तेल विसरून नुसतें पेट्रोल घातलें तर दट्ट्या नळकांड्यांत घांसून जागींच अडकतो आणि यंत्र कायमचें निकामी होऊं शकतें. शिवाय हल्लींच्या पेट्रोलमध्यें इथेनॉल असतें. तें ओलावा ओढून घेतें आणि जुन्या कार्बुरेटरांतील रबरी पडदे व नळ्या खराब करतें. म्हणून मिश्रण ताजें करावें आणि काम संपल्यावर टांकी रिकामी करून ठेवावी. साखळीच्या वंगणाची टांकी वेगळी. तीही दर वेळीं भरावी लागते.

दुसरें मागणें साखळीचें. एंजिन बंद असतां, साखळी थंड असतांना, ती पट्टीच्या खालच्या कडेस टेकलेली असावी. पण हातमोजा घालून ओढल्यास सहज सरकावी. सैल साखळी पट्टीवरून उतरते. फार ताणलेली साखळी पट्टी व एंजिन दोहोंस झिजविते. पट्टीही मधूनमधून उलटी करून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. 1946 साली अमेरिकेंतील ऑरेगॉन प्रांतांत जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्यानें ओंडक्यांत एक अळी उभें-आडवें लांकूड सारख्याच सहजतेनें कुरतडतांना पाहिली आणि तिच्या जबड्यांवरून साखळीचे नवे दात रचले. आजच्या साखळ्यांचे दात बहुतेक त्याच धर्तीचे. परंतु धार कोणीही कायमची देऊं शकत नाहीं. प्रत्येक दातास गोल कानशीनें सारखेच हात द्यावे लागतात. करवतींतून ढलप्या उडत असतील तर धार आहे; पिठासारखा भुसा पडूं लागला कीं ती गेली. मग चालविणारा यंत्रावर भार टाकतो, आणि भार टाकणारा दमतो व चुकतो.

तिसरें मागणें गतिरोधकाचें. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला कीं यंत्र क्षणार्धांत उसळून चालविणाराच्या तोंडाकडे येतें. पुढच्या हातापुढील ढाल मागें ढकलली जातांच साखळी थांबावी, अशी योजना 1970 नंतरच्या दशकांत रूढ झाली. त्यापूर्वींच्या यंत्रांत ती बहुधा नसतेच. पुढच्या यंत्रांतही ती मोडलेली असूं शकते. वापरलेल्या यंत्रांत प्रथम पाहावयाचें तें हें.

येथें कोणी म्हणेल, “हा सर्व व्यवहार झाला, यांत नीति कोठें आली? निगा न राखील त्याचें नुकसान होईल, आणि शहाणा मनुष्य स्वार्थासाठींच ती राखील.” मालक आणि चालविणारा एकच असता तर हा आक्षेप आम्हीं बहुतांशीं मान्य केला असता. परंतु बागाइतदार स्वतः करवत धरीत नाहीं. तो ती गड्याच्या हातीं देतो. गतिरोधक मोडका ठेवून वांचलेले पैसे मालकाचे आणि फाटणारा गाल गड्याचा, अशी वांटणी होते. गडी बोलत नाहीं, कारण त्याला उद्यां पुन्हा काम हवें आहे. स्वार्थ मालकास कानस घेण्यास सांगेल, कारण बोथट धारेनें कामाचा खोळंबा होतो. पण ढाल दुरुस्त करण्यास तो सांगेलच असें नाहीं. जेथें स्वार्थाची आज्ञा संपते तेथेंच कर्तव्याची सुरू होते.

दुसरें उदाहरण विक्रीचें. रोमन तत्त्वज्ञ सिसेरो यानें आपल्या ‘कर्तव्यांविषयीं’ या ग्रंथांत जुन्या दोन विचारवंतांचा एक वाद दिला आहे. घरांतील दोष ठाऊक असून विकणारानें तो सांगावा काय? डायोजेनिस म्हणे, मौन म्हणजे फसवणूक नव्हे. अँटिपेटर म्हणे, वाट चुकलेल्यास ती न दाखविण्यासारखेंच तें आहे. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूनें पडला. घराच्या भिंतीस तडा असला तर निदान तो दिसतो. एंजिनांत गेलेलें तेलहीन पेट्रोल दिसत नाहीं. म्हणून जुनें यंत्र विकणाराची जबाबदारी अधिक कडक आहे, असें आम्हांस वाटतें.

सारांश, लोखंडाचें आपल्याकडे कांहीं येणें नाहीं. येणें आहे तें लोखंडाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मनुष्याचें: आज ज्याच्या हातीं आपण तें देतों त्याचें, आणि उद्यां जो विकत घेईल त्याचें. खंडेनवमीचें फूल वाहणारानें तें वाहावेंच. पण त्याआधीं ढाल मागें ढकलून साखळी थांबते कीं नाहीं, तेवढें पाहून घ्यावें.