बदलतं आकाश आणि जनाबाईंचा देव

गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. गोदाकाठच्या या गावात कीर्तनाला बसणारा माणूस देव नित्य आहे हे धरूनच चालतो. पुष्कळांच्या मनात हे नित्यत्व आकाशाशी जोडलेलं असतं: बदलतो तो माणूस, वर सगळं होतं तसंच आहे. रेडिओ दुर्बिणींनी हा समज खोडून काढला, आणि त्यानं श्रद्धेचं काही बुडालं नाही, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा मोजणीचा आहे. विश्व स्थिर असेल आणि रेडिओ लहरी सोडणारे स्रोत त्यात सगळीकडे सारखे विखुरलेले असतील, तर चौपट मंद स्रोतांपर्यंत मोजत गेल्यावर एकूण संख्या आठपट भरते. विश्व प्रसरण पावतंय, पण काळानुसार बदलत नाही असं मानलं, तर ती आठपटीहून कमी भरायला हवी. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांना ती जास्त भरली. मंद स्रोत बहुतेक दूरचे, आणि दूरवरून आज पोचणारी लहर फार पूर्वी निघालेली. म्हणजे पूर्वी रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिका संख्येनं तरी अधिक होत्या किंवा अधिक तेजस्वी होत्या. कोल्हापूरचे जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉइल यांनी 1961 साली उलट विचारलं: आपल्या आसपासच स्रोत विरळ असतील तर? शंका रास्त होती. राइल यांची 1955ची यादी सदोषच निघाली होती. पण पुढच्या निर्दोष मोजण्यांतही आधिक्य टिकलं. उटीच्या रेडिओ दुर्बिणीवर चंद्राची कड स्रोताला झाकताना संदेश किती झपाट्यानं पडतो यावरून स्रोताचा आकार काढत. त्या आकारांवरून गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी 1975मध्ये विश्व काळानुसार बदलतं याच्याच बाजूनं कौल दिला. अलीकडे, 2020 साली, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनं सुमारे 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. तो एक-दोन अब्ज वर्षांत संपेल इतक्या वेगानं तारे जन्मत होते. पुढे ताऱ्यांची निर्मिती ओसरली, आणि फुटणाऱ्या ताऱ्यांपासून येणारं दीर्घिकांचं रेडिओ तेजही त्याबरोबर ओसरलं.

कुणी म्हणेल, आपल्या पुराणांत युगं आणि प्रलय आहेतच, यात नवं काय? पण पुराणं चौपटीला किती पट हे सांगत नाहीत, त्यामुळे या मोजणीनं ती खरीही ठरत नाहीत आणि खोटीही. बदलत्या विश्वाला आरंभ सापडला म्हणून देव सिद्ध झाला, हा दावाही मला तितकाच कच्चा वाटतो. उद्या सिद्धांत बदलला तर देव मागे घ्यायचा का? याहून अवघड आक्षेप असा की, कोणताही पुरावा आला तरी शाबूत राहणारी श्रद्धा पोकळच असते. वारकरी श्रद्धेला तो लागू पडत नाही. जनाबाईंसारख्या दासीच्या जात्याला देवानं हात लावला असं सांगणारी परंपरा दीर्घिकांविषयी बोलत नाही. कुठलंही काम हलकं नाही आणि कुणीही माणूस खालचा नाही, असं ती बजावते. हा दावा माणसांच्या वागण्यात तपासता येतो आणि तिथे तो पराभूतही होतो. पंढरपूरच्या देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावं लागलं, तेव्हा तो झालाच होता.