गळीत हंगामातला मतदार

२०२४ मध्ये राज्यातला गळीत हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचे ठरले आणि विधानसभेचे मतदान होते २० तारखेला. बीड जिल्ह्यातले धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, शेजारचे पाथर्डी, इथली माणसे नेमकी याच दिवसांत टोळ्या करून कोल्हापूर-सांगलीकडे, बेळगावकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. अशा जोडप्याने गावी जाऊन मत द्यायचे, तर दोन दिवसांची तोड बुडते आणि प्रवासखर्च अंगावर पडतो.

मतदानासाठी भरपगारी सुट्टी देण्याची सक्ती १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. पण ऊसतोडणीचा हिशोब टनावर होतो, तोही मुकादमाच्या वहीत. कारखाना या माणसांना आपले कामगारच मानत नाही, मग सुट्टी मागायची कुणाकडे? शेवटी गावाकडून कुणीतरी गाडी धाडतो. कुणाच्या गाडीत बसायचे हे बहुधा मुकादम ठरवतो, आणि मत कुणाला द्यायचे याची आठवण वाटेत करून दिली जाते. त्याच कायद्याच्या कलम १२३(५) प्रमाणे उमेदवाराने मतदारांची अशी ने-आण करणे हा भ्रष्टाचार आहे. त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. मला खटकते ते हे: मत गावीच दिले पाहिजे असा नियम करून कायद्यानेच या माणसांना दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून ठेवले आहे.

‘मग नाव कोल्हापूरच्या यादीत नोंदवा’ असे सुचवणाऱ्यांनी फड पाहिलेला नसतो. टोळी एका शिवारात राहत नाही. आज या गावाबाहेर कोप्या, पंधरवड्याने दुसऱ्या. शिवाय या लोकांचे रेशन, मुलांची शाळा, पाण्याचा प्रश्न सारे बीडमध्ये. तात्पुरत्या गैरहजेरीने माणसाचा रहिवास संपत नाही, असे १९५० चा कायदाही सांगतो. आमदार त्यांना आपल्याच तालुक्याचा निवडायचा आहे, आणि तो हक्क रास्त आहे.

निवडणूक आयोगाने यावर एक यंत्र पुढे आणले होते. एकाच ठिकाणाहून ७२ मतदारसंघांची मते घेऊ शकणाऱ्या या यंत्राचे प्रात्यक्षिक जानेवारी २०२३ मध्ये पक्षांसमोर व्हायचे होते, पण विरोधी पक्षांच्या आक्षेपांमुळे विषय तिथेच अडला. माझ्या मते यंत्राची वाट पाहण्याचे कारणच नाही. कलम ६०(क) नुसार सरकारशी विचारविनिमय करून आयोग एखाद्या वर्गाला टपाली मतदानाचा हक्क देऊ शकतो. काश्मिरातून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास मतदान केंद्रे उघडली जातात. पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांच्या घरी कर्मचारी मतपत्रिका घेऊन जातात. हे सारे करता येते, तर ऊसतोड कामगारांसाठी फडाजवळ टपाली मतदानाचे केंद्र का नाही?

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. साखर कारखान्याचा अध्यक्ष बहुतेकदा स्वतःच राजकारणी असतो. त्याच्या गव्हाणीशेजारी मतपेटी ठेवली, तर मुकादमाचा पहारा जाऊन कारखान्याचा पहारा बसेल. म्हणून केंद्र कारखान्याच्या आवारात नको. जिथे तोड चालू आहे त्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात हवे, मतदानाच्या आधीचे तीन-चार दिवस उघडे हवे, म्हणजे टोळीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी तोड थांबवावी लागणार नाही. बीडच्या उमेदवारांचे प्रतिनिधी तिथे बसलेच पाहिजेत. लहान पक्षांना आणि अपक्षांना इतक्या ठिकाणी माणसे पाठवणे जड जाईल, हे मान्य. त्यांच्या प्रतिनिधींचा प्रवासखर्च सरकारने उचलावा.

यादीचे काम मोठे आहे, पण त्याचा पाया तयार आहे. ऊसतोड कामगारांची नोंद करून त्यांना ओळखपत्र देण्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर आधीच टाकलेली आहे. ती नोंद मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाशी जोडली, की कोणत्या मतदारसंघाच्या किती मतपत्रिका कुठल्या तालुक्यात लागतील हे कळेल. २०२४ मध्ये निवडलेल्या विधानसभेची मुदत डिसेंबर २०२९ मध्ये संपते, म्हणजे पुढचे मतदानही बैलगाड्या जुंपायच्या सुमारासच येणार. टपाली मतदानाची अधिसूचना त्याच्या निदान एक हंगाम आधी निघायला हवी.