बाटलीतला ढेकूण



पाहुण्यांच्या खाटेत ढेकूण सापडले. उकळत्या पाण्याने ते मेले. एक मात्र मी बाटलीत ठेवून तोंडाला फडके बांधले. उपाशी किती जगतो, ते पाहायचे होते.

दोन महिने उलटले. फडक्यावर फुंकर घातली की तो अजून धावतो. श्वासावरून त्याला माणसाची चाहूल लागते.

ढेकूण रक्ताविना कित्येक महिने तग धरतो, हे पुस्तकात होतेच. मग मी नवे काय शिकलो?

घर राखण्यासाठी ढेकूण मारणे गैर नाही. पण निव्वळ कुतूहलापोटी एखाद्या जिवाला आशा दाखवून झुरवणे? जीव क्षुद्र असेल, पण झुरवण्याची सवय माझ्या मनाला लागते आणि पुढे ती माणसांवरही चालते.

काल रात्री बाटली उकळत्या पाण्यात रिकामी केली.