पट्टा आमचा, घड्याळ कुणाचे?

अब्बांचे एच.एम.टी. जनता आम्ही मनगटावर बांधतो. रोज चावी द्यावी लागते. बेंगळुरूच्या या सरकारी कारखान्यात 1961 मध्ये जपानी सहकार्याने घड्याळे बनू लागली; 2016 मध्ये केंद्र सरकारने तो धंदाच बंद करायचे ठरवले.

जुना पट्टा तुटला तेव्हा भद्रकालीतल्या दुकानात आम्ही तासभर बसलो. तपकिरी कातडी पट्टा आवडला. आतले अस्तर डुकराच्या कातड्याचे नाही ना? दुकानदाराला सांगता येईना. मग नायलॉनचा घेतला.

पट्ट्याची एवढी चिकित्सा! आणि घड्याळ? वर्गात अपूर्णांक शिकवताना आम्ही वारशाचेच उदाहरण देतो: मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. घराची वाटणी तशीच झाली. घड्याळ मात्र 'पुरुषाची वस्तू' म्हणून आम्ही उचलले, मालेगावच्या आपाला न विचारता. वस्तू स्वस्त म्हणून हक्कही स्वस्त होतो का?

आता विचारले तर आपा हसून म्हणेल, 'ठेव रे तुलाच.' पण भावाला नाही म्हणणे जिला अवघड, तिच्या होकाराला होकार म्हणायचे कसे? म्हणून या ईदला आम्ही काही विचारणार नाही. घड्याळ तिच्या हातात देऊ. पट्टा काढून.