आजारातून उठलेल्याचा उत्साह

धावणे, पोहणे, कुस्ती किंवा गिर्यारोहण यांत ज्याने नाव मिळविले, अशा मनुष्यास दीर्घ आजाराने अंथरुणास खिळविले म्हणजे त्याची दुहेरी हानी होते. एक हानी वैद्याला दिसते. स्नायू रोडावतात, चार पावलांत दम लागतो. दुसरी वैद्याच्या नजरेस पडत नाही. ताप उतरतो, जखम भरून येते, ‘आता हळूहळू हिंडूफिरू लागा’ अशी परवानगीही मिळते. परंतु पाय उंबरठ्याबाहेर पडत नाही. जो पूर्वी कोणी हाक न मारता पहाटे उठत असे, तो उन्हे अंगावर येईपर्यंत पडून राहतो. घरच्या मंडळींना तो आळस वाटतो. त्याला स्वतःला मात्र ते वैराग्य वाटू लागते, आणि खरी अडचण येथेच उत्पन्न होते. देह नश्वर आहे, त्याचे चोचले किती पुरवावे, हा विचार अशा वेळी फार सोयीचा पडतो. गीतापाठ चालणाऱ्या घरांत ही पळवाट अधिकच सहज सापडते, हेही मान्य केले पाहिजे.

हा त्याग आहे की भय आहे, याचा निवाडा गीतेच्या अठराव्या अध्यायात केलेला आहे. शरीराला कष्ट होतील या भीतीने जे कर्म टाकले जाते, तो त्याग भगवंतांनी राजस ठरविला आहे. त्याग केल्याचे फळ अशा मनुष्यास मिळत नाही. इतक्यावर थांबले तर कोणी उतावीळ मनुष्य म्हणेल की, मग उद्यापासूनच पूर्वीप्रमाणे दहा मैल धावावे. पण त्याच अध्यायात पुढे दुसरा इशारा आहे. परिणाम, हानी आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय. सतराव्या अध्यायात तर दंभाने व हट्टाने देहाला पीडा देणाऱ्यांची गणना आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. तात्पर्य, भयाने बसून राहणे आणि हट्टाने धावत सुटणे, या दोहोंच्या मधली वाट आजारातून उठलेल्याने शोधावयाची आहे.

वैद्यकशास्त्राचा अनुभवही याच्याशी जुळणारा आहे. 1966 साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले, तेव्हा श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांची शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांची जितकी शक्ती नेली होती, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने नेली होती. मग सहा महिने बेताबेताने व्यायाम दिल्यावर वयामुळे झालेली घट भरून आली. याच्या उलट बाजूचे प्रत्यंतर 2020 नंतरच्या कोरोनाच्या साथीत अनेक घरांनी पाहिले. कित्येकांना ताप गेल्यावरही महिनोगणती थकवा राहिला, आणि त्यांतील काहींचा थकवा जबरदस्तीने व्यायाम केल्यावर एक-दोन दिवसांनी दुपटीने उलटे. अशा रोग्याला ‘मन घट्ट करा’ असे सांगणे हे अज्ञानच होय.

तथापि मूळ प्रश्न शक्तीचा नाही, उत्साहाचा आहे. तो गेला कोठे? गीतेने सात्त्विक कर्त्याची लक्षणे सांगताना धैर्य आणि उत्साह यांचा उल्लेख जोडीने केला आहे, आणि त्याच श्लोकात सिद्धी व असिद्धी यांच्या ठायी तो निर्विकार असतो असेही म्हटले आहे. व्यवहारात याच्या नेमके उलट दिसते. यश मिळत असते तोवर मनुष्य उत्साही असतो; यश थांबले की उत्साह मावळतो. म्हणजे ज्याला तो आपला उत्साह समजत होता, ती बहुतांशी फलाशाच होती. शिवाय फलाशा म्हटली म्हणजे पुढे मिळावयाच्या फळाची, असेच आपण समजतो. आजारी खेळाडूला बांधून ठेवणारे फळ निराळे असते. ते पूर्वी मिळून गेलेले असते. भिंतीवरची ढाल, जुन्या शर्यतीत नोंदलेली वेळ, लोकांनी त्या काळी दिलेले नाव, यांच्याशी तो आजच्या देहाची तुलना करतो आणि लाजेने घरात बसतो. मैदानावर जावे तर जुने सोबती भेटतात. घड्याळ तर असतेच.

मोकळ्या रानात, नदीकाठी, डोंगरवाटेवर हे काही नसते. तेथे कोणी वेळ मोजीत नाही. झऱ्याला पाहुण्याचा पूर्वीचा विक्रम ठाऊक नसतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहाराच्या जोडीला युक्त विहार सांगितला आहे. दुःख हरण करणारा योग अशालाच साधतो. आहाराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. ‘विहार’ हा शब्द बिचारा तसाच राहून जातो. देहाने मोकळेपणी हिंडावे, पण मापाने हिंडावे, हाही साधनेचाच भाग आहे.

जबलपूरहून कटनीकडे जाताना सिहोरा लागते. या तहसिलीच्या एका खेड्यातील जानकीबाई यांची दृष्टी वयाच्या पाचव्या वर्षी आजाराने गेली. अंध मुलींना स्वतःचे रक्षण करता यावे म्हणून त्या भागात ज्युदोचे शिक्षण सुरू झाले, आणि त्या शिकू लागल्या. अंधांच्या ज्युदोत सामना सुरू होण्यापूर्वीच दोन्ही खेळाडूंना परस्परांच्या अंगरख्याची पकड दिली जाते. पुढचे सर्व काम स्पर्शावर आणि तोलावर चालते. 2017 साली ताश्कंद येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. शिक्षणाचा आरंभ मात्र पदकासाठी झालेला नव्हता. न भिता वावरता यावे, एवढाच हेतू होता.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे चरित्र या दृष्टीने अधिकच विचार करण्याजोगे आहे. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात त्यांच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. मुष्टियुद्ध कायमचे संपले. ज्या कलेवर जीव जडलेला, तीच देहाने हिरावून घ्यावी, ही वेळ मोठी कठीण असते. तिची कल्पना धडधाकट मनुष्याने करू म्हटले तरी पुरती येत नाही. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. पाण्यात देहाचे ओझे हलके होते, आणि जमिनीवर जो परावलंबी असतो तो तेथे आपल्या हातांनी पुढे सरकू शकतो. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत 37.33 सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण होय. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथे कोणी विचारील की, मग अखेर घड्याळ आणि पदक आलेच ना? आले खरे, पण जो मुष्टियोद्धा पाण्यात उतरला, त्याला तेथे जुन्या विजयांशी तुलना करावयास जागाच नव्हती. मुष्टियुद्धाचे माप पाण्याला लागत नाही.

त्याच 1965 साली मेजर हरिपालसिंग अहलुवालिया 29 मे रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर उभे होते, आणि काही महिन्यांतच युद्धातील गोळीने त्यांना चाकाच्या खुर्चीवर बसविले. शिखरावरून खुर्चीपर्यंतचे हे अंतर मनात आणले तरी पुरे. हिमालय सोडून देण्यास त्यांच्याजवळ कोणालाही पटेल असे कारण होते. परंतु 1983 साली त्यांनी हिमालयाच्या रांगांतून मोटारींची मोहीम नेली आणि 1994 साली मध्य आशियातील प्राचीन मार्गांवर दुसरी. दिल्लीतील मणक्याच्या दुखापतींचे मोठे रुग्णालयही त्यांच्याच खटपटीतून उभे राहिले. 2022 साली ते निवर्तले. चढण्याची शक्ती गेली तेव्हा त्यांनी चढण्याचा हट्ट धरला नाही, आणि पर्वतही टाकला नाही. सामर्थ्याचा विचार करून कर्म करावे म्हणजे काय, हे यावरून समजते.

अशा थोरांची नावे ऐकून सामान्य गृहस्थ पुष्कळदा अधिकच खचतो. त्याला ना पदक मिळवावयाचे असते, ना मोहीम न्यावयाची. त्याच्यासाठी जबलपूरचेच चित्रकार अमृतलाल वेगड यांचे उदाहरण जवळचे आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 1977 साली, ते जबलपूरहून मंडल्यापर्यंत नर्मदेच्या काठाने पायी गेले. त्यानंतर त्यांनी सबंध परिक्रमा एका दमात करण्याचा संकल्प सोडला नाही. अध्यापन आणि संसार सांभाळून एका खेपेस एक टप्पा चालावे, घरी परतावे, पुढल्या खेपेस पुढचा टप्पा घ्यावा, असे वर्षानुवर्षे चालले. सत्तरी उलटल्यावरही ते पत्नीसह काठाने चालत होते.

सिहोऱ्याच्या आजारी गृहस्थाला तर नर्मदेपर्यंतही जावयास नको. नर्मदेला मिळणारी हिरण नदी त्याच भागातून वाहते. वैद्याला विचारून पहिल्या दिवशी गावाच्या वेशीपर्यंत जावे आणि दम पुरता संपण्यापूर्वीच परत फिरावे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कसे आहे ते पाहावे. कालचा शीण उरला असेल तर त्या दिवशी अंगणातच बसावे, नसेल तर वेशीच्या पुढे, पहिल्या झाडापर्यंत जावे. नदी दिसावयास त्याला कदाचित पंधरा दिवस लागतील, कदाचित दोन महिने.